दुकान आधी वहीत मांडा

गेल्या वर्षी शाबान महिन्यात माझी धाकटी नणंद शिलाई मशीनवरून उठली ती थेट माझ्याकडे आली. भिशी लागली होती, दहा हजार रुपये हातात होते. "भाभी, लहान मुलींचे नमाजी खिमार शिवते आणि मोबाईलवरून विकते. रमजानमध्ये मागणी असतेच." पैसे खरे तर लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी राखलेले. मी भाषेची शिक्षिका. हिशेब विचारायचे मला सुचलेच नाही. उलट फोटोंखालचा मजकूर मराठीत आणि उर्दूत लिहून दिला आणि स्वतःवरच खूश झाले.

ऑर्डरी आल्या. मिरजेतून रत्नागिरी, नांदेड, परभणीपर्यंत ४० पार्सले गेली. घरात सगळे म्हणाले, माशाअल्लाह, धंदा लागला. ईदनंतर हिशेबाला बसलो तेव्हा भिशीच्या दहा हजारांतले ७,१९० रुपये उरले होते आणि ट्रंकेत परत आलेले ११ खिमार.

हे कसे झाले, ते भगिनींनो, सावकाश पाहा, कारण बहुतेक घरगुती दुकाने इथेच बुडतात. एका खिमारला कापड १८० रुपयांचे, लेस आणि दोरा ३० चा, पिशवी आणि चिठ्ठी १२ ची, कुरिअर ८०. झाले ३०२. विक्री ३५० ला, "घरपोच मोफत" म्हणून. म्हणजे नगामागे ४८ रुपये, तेही शिलाईची मजुरी शून्य धरून. २९ नगांवर मिळाले १,३९२. पण जे पार्सल परत येते त्याचे जायचे ८० गेलेले असतात, यायचे ८० पुन्हा द्यावे लागतात आणि पिशवी वाया जाते. असे १७२ रुपये अकरा वेळा, म्हणजे १,८९२. चाळीस खिमार शिवून पदरात पाचशेचा तोटा. ट्रंकेतला माल निघाला तर तेवढ्यावर भागेल, नाहीतर आणखी २,३१० रुपये त्यात अडकलेले.

परत का आली, याची तिने एकेकीला फोन करून चौकशी केली. मला हे तिचे फार आवडले, कारण मी असते तर रडत बसले असते. सहा पार्सले दारातूनच परत गेलेली. कॅश ऑन डिलिव्हरी होती, ऑर्डर देताना खिशातून काही गेले नव्हते. कुणी घरी नव्हते, कुणाचा विचार बदलला. तीन मापामुळे. आम्ही "८ वर्षांच्या मुलीसाठी" असे लिहिले होते, आणि आठ वर्षांच्या मुली काय सगळ्या एका उंचीच्या असतात? दोन रंगामुळे. फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले, मोरपंखी रंग निळा दिसत होता. माझ्या दोन भाषांतल्या गोड मजकुरात ना इंच होते, ना कापडाचे नाव.

यंदा तिने फोन बाजूला ठेवला आणि आधी वही घेतली. मजुरी ६० रुपये धरली, खराबी आणि परतीसाठी नगामागे १० बाजूला काढले. सामान आणि पिशवी मिळून २९२. किंमत ३५० च ठेवली, पण टपालखर्च वेगळा, तो गिऱ्हाइकाने द्यायचा. मोहल्ल्यातल्यांना हातोहात. ज्यांना पोचल्यावरच पैसे द्यायचे आहेत त्यांनी आधी शंभर रुपये पाठवायचे. नातेवाईक म्हणाले, अशाने कोण घेईल? ऑर्डरी कमी झाल्या हे खरे, २६ च आल्या. परत मात्र एकच आली. फोटो आता सकाळी खिडकीशी निघतात, शेजारी मोजपट्टी ठेवून. एका तुकड्यात विणीचा दोष होता. तो तिने फोटोत बोट ठेवून दाखवला आणि ४० रुपये कमी केले. मालातला दोष झाकून विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोबाईलवर तर गिऱ्हाइकाला हात लावून पाहता येत नाही, तिथे ते दुप्पट लागू.

एका चुकीतून ती थोडक्यात वाचली. शोभेच्या खोक्यात घालून पाठवणार होती. बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचे पैसे घेतात. ३० बाय २५ बाय ८ चे खोके म्हणजे १.२ किलो, आत खिमार ४०० ग्रॅमचा का असेना.

वेबसाइट अजून केलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, सध्या पुरतो. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर मोफत होते, मधल्या माणसाला हजार-दोन हजार देऊ नका. जीएसटीचे जरा नीट समजून घ्या: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. मोठ्या संकेतस्थळावरून राज्यातच विकणाऱ्या लहान विक्रेत्यालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे, फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर मात्र उलाढाल कितीही कमी असो, सहसा नोंदणी लागते; काही हस्तकला वस्तूंना सूट आहे. तेवढे करसल्लागाराला विचारूनच पुढे जा. लोणची, मसाले विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी.

आणि दोन फसवणुकी. एक आपल्याशी होणारी: "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा गिऱ्हाइक नव्हे, चोर. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. दुसरी आपण करतो ती: मावसबहिणींकडून "खूप सुंदर माल" असे न घेता लिहून घेणे. आमच्याही घरात हा सल्ला निघाला होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहायला मनाई आहे. पण नणंदेला नियम माहीत नव्हता, ती नुसती "नको" म्हणाली.

भाचीचा प्रवेश गेल्या वर्षी उरलेल्या पैशांत आणि थोड्या उसनवारीत झाला. उसने या महिन्यात फिटले. ट्रंकेतले अकरापैकी नऊ खिमार मोहल्ल्यातच गेले, दोन तिने मदरशातल्या मुलींना दिले. बकरी ईदच्या ऑर्डरी ती ईदच्या बारा दिवस आधी बंद करणार आहे. तशी पाटी कॅटलॉगवर लागलीही आहे, या वेळी मजकूर तिने स्वतःच लिहिला.