“आई, हे असं का होतं?” : दिवाळीच्या सुट्टीतले घरगुती प्रयोग

सहामाही परीक्षा संपते, दप्तरं कोपऱ्यात जाऊन पडतात आणि नेमकी त्याच आठवड्यात आपली धांदल सुरू होते. भाजणी भाजायची, अनारशाचे तांदूळ भिजत घालायचे, डबे घासूनपुसून उन्हात ठेवायचे. मुलं सारखी पायात पायात येतात. “आई, चकली टाकली की तेलाला एवढा फेस का येतो?” “आई, हळद पिवळी, मग कुंकू लाल कसं?” आपले हात पिठात! तोंडून निघून जातं, “जा बरं बाहेर, मधे मधे करू नकोस.” फारच झालं तर, “संध्याकाळी बाबांना विचार.”

यातलं दुसरं उत्तर मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतं. तेल तापलं की नाही हे पिठाची गोळी टाकून कोण पाहतं? पाक एकतारी झाला हे दोन बोटांवर कोण ओळखतं? तुम्हीच ना? मग “मला बाई शास्त्रातलं काही कळत नाही” असं मुलांसमोर म्हणायचं कारण नाही. या सुट्टीत ही उत्तरं तुम्हीच द्या. त्यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही, जे लागतं ते फडताळात आहे.

हळदीपासूनच सुरुवात करा. चमचाभर हळद अर्धी वाटी पाण्यात कालवा, जुन्या वहीच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या त्यात भिजवा आणि दोरीवर वाळत घाला. मग वाट्यांमधून लिंबाचा रस, ताक, चिंचेचं पाणी, साबणाचं पाणी, धुण्याच्या सोड्याचं पाणी मांडा. पानाच्या डब्यातला चुना असला तर तोही पाण्यात कालवा, पण तो तुमच्याच हाताने. डोळ्यात गेला तर फार वाईट. आता प्रत्येक वाटीतला थेंब पट्टीवर टाकण्याआधी मुलांना विचारा, “काय होईल, सांग.” उत्तर चुकलं तरी हसू नका, वहीत लिहून ठेवायला सांगा. लिंबू, ताक, चिंच यांनी पट्टी पिवळीच राहते. साबण, सोडा, चुना लागला की तांबडी होते. आणि खरी गंमत पुढेच आहे. तांबड्या डागावर लिंबू पिळा, तो पुन्हा पिवळा!

आंबट ती आम्लं, आणि साबण-सोडा-चुना ही त्यांची उलटी जात, अल्कली. हळदीच्या रंगद्रव्याला ही दुसरी जात भेटली की त्याचा रंग पालटतो, एवढं सांगितलं तरी पुरे. हळदीला चुना लावून लाल कुंकू करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. हल्ली बाजारात मिळणारं कुंकू बरेचदा कृत्रिम रंगाचं असतं, ही गोष्ट निराळी. वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग का तांबडा होतो, हेही आता तुमचा मुलगाच तुम्हाला सांगेल. मग त्याला पुढचं काम द्या. एक पिवळी पट्टी कडक उन्हात आणि एक कपाटात ठेवायची, दोन-तीन दिवसांनी शेजारी शेजारी धरून पाहायची. उन्हातली फिकी पडलेली असेल. हळदीचे डाग उन्हात टाकावेत असं आपल्या आज्या सांगत, ते काही उगीच नव्हे.

चकलीच्या फेसाचं उत्तर सोपं आहे. तो फेस म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. तळणाच्या तेलाचं तापमान पाणी उकळण्याच्या शंभर अंशांपेक्षा बरंच वर असतं, म्हणून पाणी घाईघाईने वाफ होऊन बाहेर पडतं. बुडबुडे कमी झाले की चकलीतलं पाणी सरत आलं, म्हणजेच ती खुसखुशीत झाली. मुलांना चुलीपासून दूर स्टुलावर बसवा आणि फेस बसला की “काढ” म्हणून सांगायचं काम द्या. कढईजवळ मात्र कोणीही नको, हट्ट केला तरी नको.

पाकाचा प्रयोग जरा सावकाशीचा, म्हणून तो वसुबारसेच्या आधीच मांडून ठेवा. एक वाटी पाणी उकळायला ठेवून त्यात तीन वाट्या साखर पूर्ण विरघळवा. जरा निवल्यावर स्वच्छ काचेच्या पेल्यात ओता. पेन्सिलीला जाड दोरा बांधा, तो ओला करून साखरेत घोळवून वाळवा आणि पाकात मधोमध सोडा. वर पातळ फडकं, आणि मुंग्यांसाठी पेला पाण्याच्या ताटलीत. गरम पाण्यात मावलेली एवढी साखर गार पाण्यात मावत नाही, ती दोऱ्यावर खडे होऊन बसू लागते. घरची खडीसाखर! पेला हलवायचा नाही, ही अट मुलांना सर्वांत जड जाते.

त्यातल्याच थोड्या पाकात अर्धं लिंबू पिळून तो पाच-सात मिनिटं उकळा आणि दुसऱ्या पेल्यात तसाच दोरा सोडा. इथे खडे धरायला फार वेळ लागतो, कधी धरतही नाहीत. लिंबाच्या आम्लाने काही साखर फुटून तिचे दोन वेगळे प्रकार होतात आणि ते खडे जमू देत नाहीत. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो, ते याचसाठी.

आता पणती. वात तेलात बुडालेली, मग वरच्या टोकाला तेल कसं पोचतं? एका वाटीत शाईचं पाणी घ्या. त्यात कापसाची वात, सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी यांची टोकं बुडवून कोण चढतं ते पाहू द्या. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर सरकतं. प्लॅस्टिकला फटीच नाहीत. याला केशाकर्षण म्हणतात. मेणबत्तीचा एक खेळ मात्र तुम्ही स्वतः करून दाखवा. ती विझवल्याबरोबर जो पांढरा धूर निघतो, त्याला वातीपासून बोटभर वर पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते, कारण जळते ती मेणाची वाफ. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. तिथे मायकेल फॅरडे यांनी १८६०–६१च्या नाताळात नुसत्या एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. हा एवढा मोठा शास्त्रज्ञ मूळचा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला!

इथे मला जरा स्पष्टच बोलायचंय. आपल्या घरांतून दिवाळीची कामं न सांगता वाटली जातात. मुलगी करंजीला मुरड घालायला आत, मुलगा किल्ल्याची माती कालवायला अंगणात. यंदा अदलाबदल करून बघा. कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला, पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली तिथली पीएच.डी. मिळवली, बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या श्वसनातला एक महत्त्वाचा दुवा सापडला होता. नंतर संशोधन केलं ते डाळी, दूध आणि नीरेवर. म्हणजे आपल्या ओट्यावरच्याच वस्तू की हो! लेकीला “तू आत ये” म्हणताना ही गोष्ट आठवावी.

तर किल्ला मुलीलाही करू द्या. एका उतारावर दाट अळीव पेरायचे, दुसरा उतार उघडा. अळीव भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतात आणि दोन-तीन दिवसांत कोंब येतात. त्यातल्या थोड्या कोंबांवर वाटी पालथी घाला. वाटीखालचे उजेडासाठी धडपडत लांबट आणि पिवळट होतात, बाहेरचे बुटके नि हिरवेगार. हिरवळ जरा वाढली की दोन्ही उतारांवर झारीने सारखंच पाणी घाला. उघड्या उताराकडून गढूळ लोंढा येतो, अळिवाची मुळं मात्र माती धरून ठेवतात. डोंगरावरची झाडं तोडली की काय होतं, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फटाक्यांची दारू काढून खेळणं साफ बंद, यात वाद नको. त्याऐवजी रात्री गच्चीवरून लांबचे बाण पाहा. प्रकाश दिसला की सेकंदकाटा बघत मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन सेकंद लागले तर बाण सुमारे ६८० मीटरवर फुटला. कोणाच्या गल्लीत फुटला यावर मग भावंडांची भांडणं होतील, ती खुशाल होऊ द्या.

एखाद्या “का”चं उत्तर तुम्हालाही येणार नाही. तेव्हा “करून बघू या” म्हणा आणि तो प्रश्न वहीत शाळेतल्या बाईंसाठी लिहून ठेवा. आणि भाऊबीजेच्या सकाळी पेल्यातला दोरा अलगद काढून निथळायला टांगा. ओवाळणीच्या तबकात बाजारच्या बर्फीशेजारी लेकीच्या हातची खडीसाखर ठेवा. खडे लहान असले तरी चालतील.