कोल्हापूर संस्थानातील चित्त्यांकरवी शिकार

चित्त्यांकरवी काळविटांची शिकार ही कोल्हापूर संस्थानातील एक दरबारी प्रथा होती. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) व त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत ती विशेष प्रसिद्ध होती. लोकभाषेत काळविटाला हरीण म्हणत असले, तरी शास्त्रदृष्ट्या ते कुरंग होय. हरणाप्रमाणे त्याची शिंगे दरवर्षी गळत नाहीत.

डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर नेला जाई. गाड्यांना सरावलेला कळप सहसा उधळत नसे. कळप टप्प्यात आला की टोपी काढून चित्त्याला सोडत. त्याची धाव काही शे मीटरांचीच. तेवढ्यात सावज न सापडल्यास तो पाठलाग सोडून देई. सापडल्यास त्याचा गळा धरून ठेवी. मग सेवक मांसाचा वाटा देऊन त्याला सावजापासून दूर करीत व टोपी पुन्हा चढवीत.

हे चित्ते पाळीव पैदाशीचे नसत. शिकारीचे कसब पिल्लू आईकडून शिकते, म्हणून वाढलेले रानटी चित्तेच पकडून माणसाळवले जात. बंदिवासात त्यांची वीण जवळजवळ होत नसे. जहांगीर बादशहाने अशी एक घटना नवल म्हणून नोंदवली आहे. साहजिकच रानातील चित्ते घटत गेले, आणि ही घट केवळ वाघरे लावणाऱ्यांच्या माथी मारणे न्याय्य नाही. मागणी दरबारांची होती. पुढे कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटालाही संरक्षण मिळाले.