जहाज सुटायच्या आत : मॉरिशसमधला एक दिवस

क्रूझच्या प्रवासात एखाद्या बेटाच्या वाट्याला एकच दिवस येतो, तोही पुरता नाही. पोर्ट लुईच्या बंदराला आमचे जहाज सकाळी सातला लागले आणि संध्याकाळी पाचच्या आत परत या, अशी ताकीद मिळाली. बहुतेक प्रवासी समुद्रकिनाऱ्यांकडे वळले. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, किनारा आम्हाला नवा नाही. म्हणून आम्ही डोंगर आणि बाग निवडली.

आम्ही तीन पिढ्यांचे सहा जण. सर्वांना एकच चाल झेपणारी नव्हती, तेव्हा सकाळपुरत्या दोन तुकड्या केल्या. तरुणांनी ल पूसची वाट धरली. फ्रेंचमध्ये पूस म्हणजे अंगठा. शहराच्या मागे उभा असलेला हा सुमारे ८१० मीटर उंचीचा डोंगर खरोखरच अंगठ्यासारखा दिसतो. वाट उसाच्या मळ्यांतून निघते, झाडीत शिरते आणि शेवटचा टप्पा हातापायांनी चढावा लागतो. वर गेल्यावर एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला उसाचे हिरवे पठार दिसते. १८३६ साली चार्ल्स डार्विन हाच डोंगर चढला होता. त्याचे ‘बीगल’ही इथे मुक्कामाला थांबलेले जहाजच होते!

अम्मींना घेऊन उरलेले आम्ही बंदराजवळच्या आप्रवासी घाटावर गेलो. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपली, पण उसाला मजूर हवेच होते. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसे आणायला सुरुवात झाली होती. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख माणसे इथे उतरली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणेच मुंबईहूनही जहाजे निघत. त्यांत कोकणातली माणसे होती. २००६ पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. बंदरावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्यांपाशी अम्मी बराच वेळ उभ्या राहिल्या. “आपण फिरायला आलो, ते पोटासाठी आले,” एवढेच त्या म्हणाल्या.

जोहरच्या वेळी सगळे जुम्मा मशिदीपाशी भेटलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उभारलेली ही मशीद गजबजलेल्या बाजारात आहे, पण आत अंगणात बदामाचे मोठे झाड आणि गार सावली. बाहेर येऊन रस्त्यावर दालपुरी खाल्ली. डाळ भरलेली पातळ पोळी आणि वर मोठ्या बीन्सची भाजी. मुलांनी दोन-दोन संपवल्या.

दुपारी आम्ही पाम्प्लमूसची बाग गाठली. राजधानीपासून हे अंतर अकरा-बारा किलोमीटर. बागेची सुरुवात भाजीच्या मळ्याने झाली. अठराव्या शतकात गव्हर्नर ला बुर्दोनेने बंदरावर येणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला मिळावा म्हणून हा मळा लावला. नंतर पियेर पुआव्र आला. तेव्हा लवंग आणि जायफळ यांचा व्यापार डचांच्या मुठीत होता, रोपे बाहेर नेण्यास सक्त बंदी. पुआव्रने ती गुपचूप आणवली आणि १७७० मध्ये या बेटावर रुजवली. पुढे या बेटांवरूनच लवंग झांजिबारला पोचली. आपल्या बिर्याणीतल्या चिमूटभर मसाल्यामागे एवढा खटाटोप! या मळ्यांत राबले मात्र गुलाम. त्यांची नावे कुठल्या पाटीवर दिसत नाहीत.

तळ्यात अॅमेझॉनची महाकाय कमळे आहेत. पाने परातीसारखी, दोन-दोन मीटर रुंद. फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग मिटते. तालिपॉट नावाचा ताड आयुष्यात एकदाच फुलतो, तेही तीस ते ऐंशी वर्षांनी, आणि फळे गळून गेली की मरतो. ‘एवढी वाट बघायची!’ असे धाकटी म्हणाली. अल्दाब्राची अवाढव्य कासवे मात्र निवांत चरत होती.

आमचा वाटाड्या मराठी वंशाचा निघाला. मराठी तो शाळेत शिकला होता. घरात क्रिओल बोलतात. त्याने मोबाइलवर पणजोबांच्या आगमनाच्या नोंदीचा फोटो दाखवला. गावाच्या जागी कारकुनाने लिहिले होते ते अक्षर लावून वाचले तर ‘सोंगमेसूर’. “हे कुठे आहे, कोणी सांगू शकत नाही,” तो म्हणाला.

अम्मींनी दोनदा वाचून घेतले. “अरे बेटा, हे संगमेश्वर. शास्त्री नदीचं संगमेश्वर. माझं माहेर तिथून जवळच.”

त्याने तो शब्द चार वेळा म्हणून पाहिला. मग वहीत देवनागरीत लिहून घेतला आणि पैसे घ्यायला नकार दिला. अम्मींनी ते त्याच्या मुलांसाठी म्हणून दिलेच.

जायचेच असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. टॅक्सीचे भाडे आधी ठरवा, पाणी सोबत घ्या आणि परतीसाठी तासभर हाताशी राखा. बंदराजवळ गर्दी फार असते. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या. नकाशात नसलेले त्यांना ठाऊक असते.