दंडाच्या कातडीचा हिशेब

गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी सांगली जिल्ह्यातून चेन्नईला जाऊन राहिलेल्या एका कुटुंबातल्या ताईंचा प्रश्न आला आहे. पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली, वजन बरेच उतरले, पण दंडाची कातडी लोंबते आहे. ब्लाउजच्या बाहीत ती मावत नाही, आणि चेन्नईच्या दमट उन्हाळ्यात काखेजवळ घामाने चिघळते. ही कातडी कापून काढणारी ‘आर्म लिफ्ट’ शस्त्रक्रिया चेन्नईत करावी की पुण्याला येऊन, आणि पैसे हप्त्याने देता येतात का, असे त्या विचारतात.

आकडा आधी. चेन्नईतल्या खासगी दवाखान्यांत दोन्ही दंडांचा खर्च साधारण लाखाच्या आगेमागे सुरू होतो आणि मोठ्या रुग्णालयांत दोन लाखांच्या पुढेही जातो. पुण्या-मुंबईचे आकडे फार वेगळे नाहीत. अमेरिकेत नुसती सर्जनची फी सरासरी सहा हजार डॉलरच्या घरात असते, भूल आणि ऑपरेशन थिएटर त्याहून वेगळे. आपल्याकडे शहर बदलल्याने जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक पूर्ण भूल दिली का, लायपोसक्शन (चरबी शोषून काढणे) धरले आहे का, रात्रभर ठेवून घेणार का, यांनी पडतो. शिवाय या शस्त्रक्रियेनंतर टाके उसवणे, जखमेत पाणी साठणे हे त्रास बऱ्यापैकी होतात. ड्रेसिंगला दर चार दिवसांनी चेन्नईहून पुण्याला कोण येणार? त्यामुळे चेन्नईतच करावी, असे मी म्हणेन.

व्यायामाने ही कातडी आवळत नाही. ताण सुटल्यावर कातडीला जागेवर आणणारे इलास्टिन हे प्रथिन शरीर मुख्यतः जन्माच्या आगेमागे आणि बालपणात बनवते. त्याचे आयुष्य दशकांत मोजतात, पण मोठेपणी तुटलेले धागे पुन्हा तसे विणले जात नाहीत. वर्षानुवर्षे ताणल्या गेलेल्या कातडीखालची चरबी गेली की रिकामे आवरण तेवढे उरते. ‘स्किन टायटनिंग’च्या मशीनांची पॅकेजे जोरात विकली जातात. थोड्याशा सैल कातडीवर त्यांचा थोडासा परिणाम होतो, पण मुठीत धरता येईल एवढ्या घडीवर ती पैसे वाया घालवणारी आहेत.

म्हणून कातडी कापावीच लागते, काखेपासून कोपराच्या दिशेने. अर्जेंटिनाच्या सर्जनांनी १९५४ मध्ये या शस्त्रक्रियेची पद्धत मांडली, पण बरीच वर्षे तिची ख्याती वाईटच होती, कारण व्रण रुंदावत आणि खाली ओघळत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले सर्जन टेड लॉकवूड यांनी नुसती कातडी कापत बसण्याऐवजी ती मुळात टांगलेली कशाला असते, हे शोधले. चरबीच्या थरात एक पातळ पण चिवट पडदा असतो. लॉकवूड यांनी १९९५ मध्ये दाखवले की दंडाचा मागचा भाग या पडद्याच्या आधाराने झोळीसारखा काखेला टांगलेला असतो, आणि वयाने किंवा वजनाच्या चढउताराने झोळीची दोरी सैल होते. त्यांनी तो पडदा काखेतल्या घट्ट पडद्याला शिवला. ताण आतल्या टाक्यांवर गेला आणि वरचा व्रण जागेवर राहू लागला. शरीररचनेच्या एका दुर्लक्षित पापुद्र्यावरच्या या कामाने मला नेहमी भारावून टाकले आहे. दंड, पोट, मांड्या यांच्या आजच्या शस्त्रक्रियांत त्यांचा विचार सगळीकडे आहे आणि सर्जनांच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही.

दंडाच्या याच कातडीला एकेकाळी नाकाची किंमत होती. इटलीतल्या बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सीने १५९७ मध्ये छापलेल्या ग्रंथात तुटलेले नाक दंडाच्या कातडीतून घडवण्याची रीत सचित्र दिली आहे. दंडाची कातडी नरम आणि सैल असते, म्हणून तिची निवड. पट्टी एका टोकाला दंडाशी जोडलेली ठेवून दुसरे टोक नाकाच्या जागी शिवायचे आणि चेहऱ्याकडून नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत हात डोक्याला बांधून ठेवायचा. ही शिक्षा दोन-तीन आठवड्यांची!

पुण्याजवळच्या एका माणसाकडे याहून सरस उपाय होता. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहून टिपून ठेवली. आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकारात बसवायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन भुवयांमधला छोटा पूल कापायचा नाही. त्या पुलावर कातडी पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. टाका एकही नाही. पाण्यात भिजवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना फासून पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. साधारण पंचविसाव्या दिवशी पूल कापायचा. पुलातून रक्त चालू राहते, म्हणून हात डोक्याला बांधण्याची गरजच नाही. रक्तवाहिन्यांची ही समज त्या माणसाला कुठल्याही विच्छेदनशाळेत मिळालेली नव्हती.

ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात आली, आणि तिथे पोचण्याआधी ती मद्रासमध्ये छापली गेली होती. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ती वाचली, सराव केला आणि १८१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. त्यातून युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी उभी राहिली. कावसजीचे नाव राहिले, त्याचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचे राहिले, कार्प्यूचेही राहिले. ज्याच्या हाताने नाक बसले, त्याचे नाव मात्र कोणीच लिहून ठेवले नाही. पेशवाईतल्या लढाया तारखेनिशी सांगणाऱ्या आपल्या पुस्तकांत या माणसासाठी अर्धे पान तरी असायला हवे होते.

त्या काळी सौंदर्य वेगळे आणि उपचार वेगळे, असा भेद कोणी केला नाही. आज पैशाचा सगळा हिशेब या भेदावर चालतो. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर आहे, १८ टक्के. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघात यांनी बिघडलेले अवयव पूर्ववत करायचे असतील तरच सूट. वजन उतरल्याने लोंबलेली कातडी यांपैकी कशातच थेट बसत नाही. म्हणजे दीड लाखाच्या पॅकेजवर सत्तावीस हजार कर. कोटेशनमध्ये तो धरला आहे का, हे आधी विचारावे, बिल हाती आल्यावर नव्हे.

हप्ते मिळतात. क्रेडिट कार्डावर मिळतात, दवाखान्यांशी जोडलेल्या वित्तकंपन्यांकडूनही मिळतात. समजा १,२०,००० रुपये २४ महिन्यांसाठी ‘फ्लॅट १२ टक्के’ दराने घेतले. व्याज २८,८०० आणि हप्ता ६,२००. वरवर हे बारा टक्के वाटतात. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १,२०,००० वर आकारले जाते. हीच रक्कम उतरत्या शिलकीवर मांडली तर दर महिना १.८, वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या वर पडतो. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते, व्याज प्रोसेसिंग फीमध्ये दडवलेले असते. रोख दिल्यास किती सूट, हे विचारले की दडलेला आकडा लगेच बाहेर येतो.

स्वस्ताईचा मात्र मोह नको. २०१६ मध्ये चेन्नईत केस रोपून घेतल्यावर मद्रास मेडिकल कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी दगावला. त्या केंद्राकडे परवाना सलूनचा होता. दंडाच्या शस्त्रक्रियेला अनेकदा लायपोसक्शनची जोड असते आणि त्यासाठी लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध पातळ करून भरपूर टोचतात. चरबीतून ते सावकाश झिरपते आणि रक्तातले त्याचे प्रमाण दहा-बारा तासांनी शिगेला पोचते, म्हणजे रुग्ण घरी जाऊन झोपल्यावर! म्हणून भूलतज्ज्ञ कोण, रात्री फोन कोण उचलणार आणि सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, हे प्रश्न दराच्या आधी यावेत. या विषयाचा देशातला पहिला स्वतंत्र विभाग १९५८ मध्ये नागपूरला डॉ. सी. बालकृष्णन यांनी सुरू केला. प्रशिक्षित सर्जन आता मोठ्या शहरांत सहज सापडतात.

चेन्नईत आणखी एक दार आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या सरकारी स्टॅन्ली रुग्णालयात स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रिया मोफत करण्याची घोषणा झाली. तमिळनाडूचे तेव्हाचे आरोग्यमंत्री सी. विजयभास्कर यांचे म्हणणे असे की, गरिबांना हे मिळाले नाही तर ते कर्ज काढतात किंवा धोक्याच्या ठिकाणी जातात. सरकारी पैसा जीव वाचवण्यावर खर्चावा, अशी टीकाही लगेच झाली. मला मंत्र्यांचे म्हणणे पटते. स्टॅन्लीतला हाताच्या शस्त्रक्रियांचा विभाग डॉ. आर. वेंकटस्वामी यांनी १९७१ पासून उभा केला. यंत्रात चेंगरलेले कामगारांचे हात पुन्हा कामाला लावणाऱ्या परंपरेला लोंबत्या दंडाची शस्त्रक्रिया परकी नाही. ताईंनी तिथल्या प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत एकदा जाऊन यावे.

विम्याचे काय? बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त असून आटोक्यात नसलेल्या मधुमेहासारखे गंभीर आजार असतील, तर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया विम्यात बसते. त्याच शस्त्रक्रियेने मागे ठेवलेली कातडी बसत नाही. हे मला अन्यायाचे वाटते, कारण दोन्ही एकाच उपचाराचे टप्पे आहेत. तरीही विमा प्राधिकरणाच्या वगळणुकीच्या प्रमाणित कलमात एक फट आहे. आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी उपचार आवश्यक आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले तर दावा विचारात घेता येतो. काखेतले चिघळणे ताईंना कधीपासून आहे? त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि तारखेसह फोटो आजपासून जपून ठेवावेत आणि शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी कंपनीकडे लेखी पूर्वमंजुरी मागावी. नकार आला तर तोही लेखीच घ्यावा, म्हणजे विमा लोकपालाकडे जाता येते.