लिव्हरला 'परत वाढ' असा मेसेज कोण पाठवतं?

अवयवदानाचं काम पाहणारी महाराष्ट्रात चार विभागीय केंद्रं आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि आपलं छत्रपती संभाजीनगर. पण लिव्हरचा तुकडा जिवंत माणूसही देऊ शकतो. दात्याचं उरलेलं लिव्हर काही महिन्यांत जवळपास पूर्वीइतकं भरतं. कसं?

लिव्हरला इजा झाली की ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं कामाला लागतात. त्यातलं मुख्य एचजीएफ. पेशीवर 'मेट' नावाचा रिसेप्टर असतो, त्याला ते चिकटतं. नोटिफिकेशन आल्यासारखंच! मेसेज आत केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी विभागायला लागते. कापलेला तुकडा पुन्हा फुटत नाही, उरलेला भाग मोठा होतो.

मग थांबवतं कोण? टीजीएफ-बीटा हे प्रथिन ब्रेक लावायला मदत करतं. पण दारू, हिपॅटायटिस किंवा साठलेल्या चरबीमुळे इजा वर्षानुवर्षं सुरूच राहिली, तर हेच प्रथिन व्रण वाढवतं. त्याला फायब्रोसिस म्हणतात. पुढचा टप्पा सिऱ्हॉसिस.

म्हणजे 'लिव्हर काय, परत वाढतंच' या भरवशावर राहू नका. तापाची आणि सर्दीची, दोन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल असू शकतं. घेण्याआधी पाकीट वाचा. मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. चुकून जास्त गेलं, तर काहीही त्रास होत नसला तरी लगेच हॉस्पिटल गाठा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.