हाताला गाठ लागली? घाबरू नका, पण लपवूही नका!

आंघोळीच्या वेळी दंडाला साबण लावताना बोटांखाली काहीतरी मऊ, गोलसर लागतं. सुपारीएवढं. दुखत नाही, खुपत नाही. पण छातीत धस्स होतं. ‘कॅन्सर तर नसेल?’ दिवसभर तोच विचार! मात्र घरात अवाक्षर काढायचं नाही. मुलांच्या परीक्षा होऊ देत, नणंदेचं लग्न पार पडू दे, मग बघू. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी असंच करतात, खरं ना? म्हणून आज या गाठीची नीट ओळख करून घेऊ या.

कातडीखाली चरबीचा थर सगळ्यांनाच असतो. त्यातल्या काही पेशी एकाच जागी वाढतात, भोवती पातळ आवरण तयार होतं, आणि गाठ बनते. डॉक्टर तिला ‘लायपोमा’ म्हणतात. साधारण शंभरात एकाला ती असते. बहुधा ४० ते ६० या वयात ती लक्षात येते. मान, खांदे, पाठ, दंड, मांड्या या तिच्या नेहमीच्या जागा. काही घराण्यांत ती आईवडिलांकडून मुलांकडे येते. तेव्हा ‘तूप फार खातेस, म्हणून झाली’ असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. सडपातळ बाईलाही ती होते, आणि वजन उतरलं म्हणून काही विरघळत नाही.

ओळखायची कशी? मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते. बोटानं ढकलली की कातडीखाली सरकते. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि सहसा ५ सेंटिमीटरच्या आत राहते. अशा गाठीचा कॅन्सर होत नाही. तरीही निदान आपण करायचं नाही. डॉक्टर हातानं तपासतात, शंका वाटली तर सोनोग्राफी करायला सांगतात.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर मात्र आठवडाही दवडू नका:

• गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी आहे किंवा भराभर वाढते आहे.
• ती टणक आहे, जागची हलत नाही.
• दुखू लागली आहे.
• काढल्यावर पुन्हा त्याच जागी आली आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं! गाठ स्तनात किंवा काखेत असेल तर ‘चरबीचीच असेल’ अशी स्वतःची समजूत घालू नका. स्तनाच्या कॅन्सरची गाठसुद्धा सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून थांबणं, हीच मोठी चूक.

शेजारणीनं सांगितलं म्हणून चुना लावणं, डाग देणं, सुईनं टोचणं, जोरजोरानं चोळणं हे प्रकार तर नकोतच. त्यानं गाठ जात नाही. उलट कातडी भाजते किंवा जखम चिघळते.

लायपोमाच आहे असं ठरलं, तर ती काढलीच पाहिजे असं नाही. ब्लाऊजच्या बाहीला घासते, दुखते किंवा दिसायला नको वाटते, तर काढता येते. तेवढीच जागा बधिर करून छोटासा छेद घेतात, गाठ आवरणासकट बाहेर काढतात आणि टाके घालतात. लहान गाठ असेल तर बहुधा त्याच दिवशी घरी येता येतं. काढलेला भाग तपासायला पाठवतात, त्याचा रिपोर्ट आठवणीनं घ्या. पूर्ण काढलेली गाठ सहसा परत येत नाही.

घरातल्या प्रत्येकाच्या साध्या तापालासुद्धा तुम्ही डॉक्टर गाठता. एक दिवस स्वतःसाठीही गाठा. दहा मिनिटांच्या तपासणीनं महिनोन्‌महिन्यांचा घोर मिटतो!