चिपचा कारखाना आणि मजुरीचा हिशेब (लेखांक ५)

वाळूजला चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास निघतो. आपल्याकडे मजूर स्वस्त, जमीन मोकळी, मग चिपचा कारखाना गुजरातमधल्या साणंदला का जातो, बिडकीनला का येत नाही?

मजूर स्वस्त म्हणून कारखाना येतो, हे एके काळी खरं होतं. १९६० च्या दशकात फेअरचाइल्ड या अमेरिकी कंपनीने चिपजोडणी हाँगकाँगला नेली ती मजुरीसाठीच. केसाहून बारीक सोन्याची तार चिपच्या कडेपासून बाहेरच्या पायापर्यंत जोडायची. मुली दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसत आणि हाताने एकेक टाका घालत. आज तेच टाके यंत्र घालतं, सेकंदाला कित्येक.

त्याआधीच्या टप्प्यातून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर सर्किट उमटवण्याच्या कामातून, माणूस जवळपास बाहेरच पडलाय. त्याचं मुख्य कारण पगार नाहीच. माणूस नुसता चालला तरी अंगावरून, कपड्यांवरून लाखो कण उडतात, आणि एक कणही चिप बाद करू शकतो. म्हणून ३०० मिलिमीटरच्या २५ चकत्या बंद डब्यात बसवतात आणि तो डबा छताखालच्या रुळावरून या यंत्राकडून त्या यंत्राकडे आपोआप जातो. शेकडो पायऱ्या, जवळपास तीन महिने. फुकट हमाल मिळाला तरी तिथे तो नकोच असतो.

आता आकडे बघा. बिडकीनच्या एथर एनर्जीच्या ई-स्कूटर प्रकल्पासाठी २०२४ मध्ये सुमारे २,००० कोटी रुपये आणि ४,००० रोजगार जाहीर झाले. भागाकार केला की एका नोकरीमागे ५० लाख. साणंदचा मायक्रॉन प्रकल्प २२,५१६ कोटींचा, थेट रोजगार ५,०००. एका नोकरीमागे साडेचार कोटी! तोही फक्त चिप जोडण्या-तपासण्याचा कारखाना. साडेचार कोटींवर आठ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ३६ लाख होतात. त्यापुढे पगारात महिन्याला पाच हजार वाचवले, तर वर्षाचे साठ हजार. त्याउलट या प्रकल्पाचा ५० टक्के खर्च केंद्राने आणि २० टक्के गुजरातने उचलायचं ठरलं. पारडं झुकतं ते अशा रकमांनी.

म्हणून ‘आमच्याकडे कामगार स्वस्त’ ही जाहिरात आपण बंद करावी, असं मला कळकळीने वाटतं. तिने कारखाना येत नाही, आणि आपल्या पोरांची किंमत मात्र कमी होते. शेकडो कोटींचं यंत्र अडलं की व्हॅक्यूम पंप, सर्व्हो मोटर, सेन्सर यांतला दोष अर्ध्या तासात शोधणारा माणूस लागतो. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये, विद्यापीठाच्या आवारातल्या नायलिटमध्ये असे हात घडतात. वाळूजच्या लाइनवर रात्रपाळीत रोबोट पुन्हा चालू करणारा मेंटेनन्सचा मुलगा त्याच जातकुळीचा. त्याला कंत्राटावर ठेवून अकरा महिन्यांनी घरी पाठवायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

पुढच्या आठवड्यात पाणी: चिप धुवायला लागणारं पाणी नाथसागराच्या पाण्यापेक्षा किती वेगळं असतं, ते पाहू.